एंजल भांडतात कशावरून? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या खेपेला टपालात एंजल माशांचीच पत्रं जास्त होती. तक्रार बहुतेकांची एकच: आणले तेव्हा गुण्यागोविंदानं राहत होते, आता एकमेकांचे पर तोडतात. म्हणून या महिन्याचं सदर पूर्ण एंजललाच दिलं आहे. टाकीची मापं फूट-इंचात आहेत, कारण आपल्या नागपूरचा काचवाला त्याच मापात टाकी करून देतो.

प्रतापनगरचे एक वाचक: दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकीत चार एंजल आहेत. सात-आठ महिने काहीच त्रास नव्हता. गेल्या पंधरा दिवसांपासून मोठा मासा बाकीच्या तिघांना कोपऱ्यात दाबून ठेवतो. एक तर हीटरच्या मागेच उभा असतो, खायला येत नाही, शेपटीच्या कडा फाटल्या आहेत. मोठ्याला काढून टाकू का?

दादा, मोठ्याला काढलंत तर आठवड्याभरात उरलेल्यांतला दुसरा त्याची गादी चालवेल. तुमच्या माशाचा स्वभाव बिघडलेला नाही, तो वयात आला आहे. एंजल सिक्लिड कुळातला. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न हे त्याचेच भाऊबंद, आणि जागेवरून भाऊबंदकी करणं हा या कुळाचा धर्म. रुपयाच्या नाण्याएवढी पिल्लं घोळक्यानं फिरतात, कारण त्या वयात घोळक्यातच जीव सुरक्षित असतो. आठ-दहा महिन्यांचा झाला की एंजल जोडी शोधतो आणि अंडी घालायला जागा राखायला लागतो. तुमच्या टाकीत राखायला जागा एकच आहे.

हिशेब करून बघा. लांबी, रुंदी, उंची इंचात मोजा, तिन्हींचा गुणाकार करा, 61 नं भागा, लिटर मिळतात. तुमची टाकी 24×12×15, म्हणजे 71 लिटर. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी 60 लिटरच्या आतबाहेर. उंचीचं त्याहून वाईट आहे. 15 इंचांतून 2 इंच खडी आणि दीड इंच वरची रिकामी जागा गेली की पाणी उरतं साडेअकरा इंच. पूर्ण वाढलेला एंजल वरच्या पराच्या टोकापासून खालच्या पराच्या टोकापर्यंत आठ इंच सहज भरतो. अशा उंचीत त्याला धड वर-खाली होता येत नाही, मार खाणाऱ्याला नजरेआड तर अजिबात होता येत नाही.

आज करायचं ते असं. हीटरमागच्या माशाला आजच बाहेर काढा. 25 लिटरचा प्लॅस्टिकचा टब घ्या, पण कधी साबण लागलेला नको. पाणी त्याच टाकीतलं भरा. स्पंज फिल्टर आणि 50 वॅटचा हीटर लावा, आणि जुन्या फिल्टरमधला थोडा मळका स्पंज किंवा खडे त्यात टाका, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू सोबत जातील. आडोशाला पीव्हीसी पाइपचा तुकडा ठेवा. रोज पाव पाणी बदला. पराची फक्त कड फाटली असेल तर स्वच्छ पाण्यात दोन-तीन आठवड्यांत भरून येते, औषध लागत नाही. कडेला पांढरी झालर दिसली, पराच्या शिरा लाल दिसल्या किंवा कापसासारखे पुंजके आले, तरच उपचार करायचा, आणि तोही टबातच. निळं औषध (मिथिलीन ब्लू) मोठ्या टाकीत ओतू नका, फिल्टरमधल्या जिवाणूंना ते मारक ठरतं.

पुढच्या दोन महिन्यांत निर्णय घ्यावा लागेल. एकतर या टाकीत एकच एंजल ठेवा आणि सोबतीला दुसऱ्या जातीचे शांत, लहान मासे. एकटा एंजल उदास होत नाही, उलट मिश्र टाकीत तोच सर्वांत कमी त्रास देतो. नाहीतर टाकी मोठी करा. चौघांसाठी 36×18×18, म्हणजे 191 लिटर, ही आमच्या मते खालची मर्यादा. सहा पूर्ण वाढलेले ठेवायचे तर 48×18×21, जवळपास 297 लिटर. त्यासाठी काच 10 मिलिमीटर घ्या, आणि टाकी भिंतीलगत, भक्कम लोखंडी स्टँडवर ठेवा, कारण पाण्याचंच वजन पावणेतीनशे किलोच्या घरात जातं. चार एंजल त्याच दोन फुटी टाकीत आणि भांडणही बंद, असं जमवण्याची युक्ती आमच्याकडे नाही.

खामल्याच्या एक ताई: टाकी तीन फुटी आहे. एंजल किती घ्यावेत, दोन की तीन?

तीन नकोत, ताई. तिघांत दोघांची जोडी जमते आणि तिसरा दिवसभर मार खातो. दोन घेतले आणि जोडी जमली नाही, तर जबर असतो तो दुसऱ्याला सुखानं जगू देत नाही, आणि त्याचा राग वाटून घ्यायला तिसरं कोणी नसतं. पाच-सहा पिल्लं एकदम, एकाच आकाराची आणि शक्यतो एकाच दुकानातल्या एकाच टाकीतली आणा. वाढताना जोडी जमली की ती वेगळी करायची किंवा परत द्यायची, आणि शेवटी चार ठेवायचे. घोळका असला की दंडेली वाटली जाते, एकाच्याच वाट्याला येत नाही. पिल्लं परत घेणार का, हे दुकानदाराला घेण्याआधीच विचारून ठेवा.

महालचे एक वाचक: एंजलसोबत बारा निऑन टेट्रा सोडले होते. रोज एखादा कमी होतो. मेलेला कुठेच सापडत नाही. फिल्टर उघडून पाहिला.

भाऊ, फिल्टर उघडायची गरज नाही. तुमच्या एंजलच्या पोटात बघायला हवं. निऑन तीन सेंटिमीटरचा, अंगानं काडीसारखा. मोठ्या एंजलच्या तोंडात तो सरळ मावतो. अॅमेझॉनच्या खोऱ्यात लहान मासे हेही एंजलचं अन्न असतं. दिवसा टाकीत सगळं शांत दिसतं, शिकार होते ती दिवे मालवल्यावर किंवा पहाटे, निऑन सुस्त असताना. म्हणून तुम्हाला कधी दिसलं नाही. निऑन आधी सोडून एंजल नाण्याएवढे असताना आणले, तर काही टाक्यांत जमतं, कारण एंजल त्यांना लहानपणापासून पाहत आलेला असतो. पण ही खात्रीची गोष्ट नाही, आणि बारा माशांवर हा जुगार खेळावा असं आम्हाला वाटत नाही.

उरलेले निऑन काढून दुसऱ्या टाकीत ठेवा. त्यांच्या जागी अंगानं उंच किंवा भरलेले टेट्रा घ्या. लेमन टेट्रा चांगले, रमीनोज लांबीनं निऑनहून मोठे. आठ-दहांच्या थव्यानं घ्या, थव्यातले टेट्रा आपसातच गुंतलेले राहतात.

धरमपेठच्या एक वाचक: दुकानात म्हणतात, एंजलसोबत काहीही चालतं. खरंच काय चालतं आणि काय नाही?

काहीही चालत नाही. टायगर बार्ब आणि सर्पे टेट्रा हे पर कुरतडणारे. एंजलच्या पोटाखालचे ते दोन लांब धागे त्यांना दिसले की आठवड्यात तुटलेले असतात. काळा विडो टेट्रा दुकानात हमखास सोबत देतात. तो आठच्या थव्यात बरा वागतो, दोन-तीन असले तर तोही कुरतडतो. गोल्डफिश थंड पाण्याचा, घाण जास्त करतो, एंजलसोबत त्याचं एकही गणित जुळत नाही. गप्पीची पिल्लं एंजल खातो आणि मोठ्या नराची शेपूटही ठेवत नाही. सिल्व्हर शार्क फूटभर होतो आणि दिवसभर धावतो, एंजल त्यानं बुजून जातात. फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर, आफ्रिकन सिक्लिड यांचा विचारही नको. कोळंबी टाकली तर तो एंजलचा खाऊ समजा.

सकर माशाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ‘काच साफ ठेवतो’ म्हणून तो घरोघरी असतो. लहानपणी तो काच चाटतो हे खरं. पण साधा सकर फूट-सव्वा फूट वाढतो, आणि पुढे रात्रीच्या वेळी एंजलसारख्या चपट्या, संथ माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर चाखायची त्याला चटक लागते. सकाळी एंजलच्या अंगावर फिकट, खरवडल्यासारखे गोल डाग दिसले तर दोष त्याचाच. शेवाळासाठी मासा हवाच असेल तर ब्रिसलनोज घ्या, तो पाच इंचांच्या आसपास थांबतो.

बिनधास्त ठेवावेत असे मासे म्हणजे कोरीडोरास. सहा घ्या, खाली बारीक वाळू ठेवा. ते तळाशी राहतात, एंजल मधल्या आणि वरच्या पाण्यात. वाटच आडवी येत नाही. चेरी बार्बचाही त्रास नसतो. मोती गुरामीची एखादी जोडी चार फुटी टाकीत छान राहते, तीन फुटीत मात्र नर गुरामी आणि एंजल यांची वरच्या कोपऱ्यावरून कुरबुर होते.

नंदनवनचे एक वाचक: जुने तीन एंजल आहेत. एक सुंदर काळा एंजल आवडला म्हणून आणून सोडला, तर तिघांनी मिळून दोन दिवसांत त्याची दशा केली. आता तो बादलीत आहे. पुन्हा सोडता येईल का?

येईल, पण घाई नको. तिघांनी टाकीचे कोपरे वाटून घेतलेले आहेत. मध्येच आलेल्याला तिथे हक्काची एक पानाची सावलीही नव्हती.

पहिल्यांदा त्याला तीन-चार आठवडे वेगळा ठेवा, बादलीपेक्षा लहान टाकीत. नव्या माशासोबत पांढरे ठिपके आणि जंत येतात, ते या काळात उघडे पडतात. शिवाय तो खाऊन-पिऊन सावरतो आणि आकारानं बाकीच्यांच्या जवळ येतो. आकारात तफावत असेल तर नवा मासा जुन्यांहून किंचित मोठा असलेला बरा.

सोडायच्या दिवशी टाकीची सगळी मांडणी मोडा. लाकूड डावीकडचं उजवीकडे, दगड हलवा, झाडांच्या कुंड्या फिरवा. तीस टक्के पाणीही त्याच वेळी बदला. जुन्यांनाही घर अनोळखी वाटलं पाहिजे. मग आधी जुन्यांना पोटभर खाऊ घाला, दिवे बंद करा, आणि संध्याकाळी नव्याला सोडा. रात्र अंधारात जाऊ द्या. शक्य असेल तर काळ्यासोबत आणखी एक आणा, दोघे एकदम सोडले की मार विभागला जातो. हे अर्थात टाकी तेवढी मोठी असेल तरच. पत्रात तुम्ही माप दिलेलं नाही.

पुढचे तीन दिवस लक्ष ठेवा. पर फुगवणं, शेपटीचा फटका मारणं, थोडं अंतर पाठलाग करून मागे फिरणं, यानं घाबरू नका. त्यांचा मानपानाचा क्रम असाच ठरतो. दोघांनी एकमेकांचा जबडा पकडला आणि काही सेकंदांत सोडला, तेही चालतं. पण जबडा मिनिटभर सुटलाच नाही, किंवा एक मासा पर मिटून पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात तिरका उभा राहिला आणि खायला आला नाही, तर त्याला त्याच दिवशी काढा. उद्यावर टाकू नका.

सदर भागातले एक वाचक: उन्हाळा तोंडावर आहे. मागच्या मे महिन्यात टाकीतलं पाणी 34 अंशांवर गेलं होतं. मासे वर येऊन तोंड मारत होते आणि भांडणंही वाढली होती. टाकी वरच्या मजल्यावर आहे.

नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, त्यामुळे हा प्रश्न आपल्या गावचा खास आहे, आणि त्याला उत्तर मार्चमध्येच शोधावं लागतं. एंजलला 25 ते 29 अंश मानवतं, 31-32 तो काही दिवस सोसतो. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो: 25 अंशांना लिटरमध्ये सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो, 35 अंशांना सातच्याही खाली. त्याच वेळी माशाच्या शरीराची गरज मात्र वाढते. मग जिथे पाणी हलतं, बुडबुडे येतात, ती एकच जागा सगळ्यांना हवी होते, आणि भांडण तिथूनच सुरू होतं. म्हणून हवेचे दगड (पंपाची हवा बारीक बुडबुड्यांत सोडणारे) दोन लावा, टाकीच्या दोन टोकांना. वरचं पाणी सतत थरथरतं राहिलं पाहिजे.

पाणी थंड करायचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पंखा. काचेचं झाकण काढा, मासे उडू नयेत म्हणून जाळी ठेवा, आणि कडेला चिमट्याचा छोटा पंखा किंवा कॉम्प्युटरचा 12 व्होल्टचा पंखा असा बसवा की वारा पाण्याला घासून जाईल. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं त्याच कारणानं टाकीही उतरते. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात दोन ते चार अंशांचा फरक पडतो. जून उजाडला, हवेत दमटपणा आला की हाच पंखा फारसं काम करत नाही. कूलरच्या खोलीत टाकी असेल तर खोलीच थंड राहते, पण कूलरची हवा ओलसर असल्यानं पंख्याचा वेगळा फायदा कमी होतो. कूलर चालू असताना आणि बंद झाल्यावर पाण्याचा पारा काय असतो, ते चार दिवस लिहून ठेवा आणि त्यावर ठरवा.

पंख्यानं रोज दोन-चार लिटर पाणी उडून जातं. क्षार मात्र मागेच राहतात. रोजची भर बोअरच्या पाण्यानं घातलीत तर महिन्याभरात पाणी फार जड होईल. भर घालायला आरओचं पाणी वापरा.

बर्फ थेट टाकू नका. एक लिटरची बाटली गोठवून बंदच तरंगत ठेवा. तीन फुटी टाकीत एका बाटलीनं जेमतेम अर्धा-पाऊण अंश उतरतो. म्हणजे दोन बाटल्या आलटून-पालटून वापरल्या तर दुपार निभते, आणि पारा एकदम कोसळण्याचा धोकाही नाही.

पाणी पहाटे बदला. ही गोष्ट फार जणांच्या ध्यानात येत नाही. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात पोळेल इतकं गरम असतं. नळाखाली थर्मामीटर धरूनच ते टाकीत घ्या. टाकी पश्चिमेच्या भिंतीला टेकलेली असेल तर एप्रिलच्या आधी हलवा. खाऊ निम्मा करा. वीज गेल्यावर चालेल असा बॅटरीचा हवापंप घरात असू द्या, कारण 34 अंशांवर चार तास वीज नसली तर आधी मरतो तो आकारानं मोठा मासा.

जाता जाता एक धोका सांगायलाच हवा. डास मारायच्या लिक्विड मशीनमध्ये, अगरबत्तीत आणि स्प्रेमध्ये जे औषध असतं ते माशांना फार विषारी असतं. हवेचा पंप खोलीतली तीच हवा ओढून पाण्यात सोडतो. टाकीच्या खोलीत यातलं काही लावू नका. गल्लीत धुरळणीची गाडी आली तर खिडक्या लावा, टाकीवर ओला कपडा पसरा आणि पंप अर्धा तास बंद ठेवा.

मानेवाड्याच्या एक काकू: आमच्याकडे बोअरचं पाणी. भांड्यांवर पांढरा थर बसतो. एंजलना चालेल का? नातवानं लिंबू पिळायला सांगितलं आहे.

काकू, लिंबू नको आणि व्हिनेगरही नको. जड पाण्यात विरघळलेले क्षार पीएचला, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्या मापाला, धरून ठेवतात. आम्ल टाकलं की तो तासाभरासाठी खाली येतो आणि रात्रीतून परत चढतो. माशाला जड पाण्यापेक्षा ही रोजची चढउतार जास्त बाधते.

जंगलातला एंजल मऊ, किंचित आम्ल पाण्यातला. पण आपल्या दुकानातले एंजल पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढलेले असतात, चेन्नईच्या कोळत्तूर भागातून किंवा कोलकात्याकडून येणारे. ते पीएच 7.8 पर्यंतही नीट जगतात. आरओ दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाकडे टीडीएस मीटर (पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा) असतो, त्याच्याकडून मोजून घ्या. 400 च्या आत असेल तर काहीच करू नका. त्याच्या वर असेल तर दोन भाग बोअर, एक भाग आरओ असं मिसळा, फारच जास्त असेल तर निम्मं-निम्मं. प्रमाण एकदा ठरवलं की दर आठवड्याला तेच ठेवा. निव्वळ आरओचं पाणी भरू नका, त्यात पीएचला आधार उरत नाही.

जड पाण्याची खरी भीती वेगळी आहे. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, आणि पीएच 7 वरून 8 वर गेला की त्यातला विषारी भाग सुमारे दहापट होतो. म्हणून तुमच्याकडे टाकी मुरवण्यात, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढू देण्यात, कसूर चालणार नाही. नवी टाकी भरून, फिल्टर चालू करून चार ते सहा आठवडे मुरू द्या, रोज चिमूटभर खाऊ टाकत राहा, आणि थेंबांच्या टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावरच मासे आणा. नंतर दर आठवड्याला 25 ते 30 टक्के पाणी बदला. कधी नळाचं पाणी वापरलंत तर त्यात क्लोरीन असतो. अँटिक्लोरिनचे थेंब घाला, किंवा उघड्या बादलीत हवेचा दगड सोडून दिवसभर ठेवा.

देशी बदामाची झाडं नागपुरात पुष्कळ. त्याचं आपोआप गळलेलं, वाळलेलं तांबूस पान धुऊन, 50 लिटरला एक या हिशेबानं टाका. पाणी फिक्या चहासारखं होतं, एंजलना ते आवडतं. रस्त्याकडेच्या धुळीतलं पान मात्र घेऊ नका.

इतवारीचे एक वाचक: जोडीनं फिल्टरच्या पाइपवर अंडी घातली. तेव्हापासून बाकीचे चार एंजल आणि कोरीडोरास टाकीच्या एका टोकाला कोंबले गेले आहेत. अंडी दुसऱ्या दिवशी जोडीनंच खाल्ली!

पहिल्या दोन-चार खेपांना अंडी खाल्ली जाणं अगदी नेहमीचं आहे. नवशिकी जोडी, त्यात आजूबाजूला वर्दळ. अंडी धोक्यात आहेत असं वाटलं की ती स्वतःच गिळतात. अंडी पांढरी पडली असतील तर ती फळलीच नव्हती किंवा त्यांना बुरशी लागली. आणि दर खेपेला सगळीच्या सगळी पांढरी होत असतील तर तुमची जोडी दोन माद्यांची असू शकते. माद्याही जोडी करतात आणि दोघीही अंडी घालतात.

टाकीत शांतता हवी असेल तर या जोडीला बाहेर काढा, दुसरा मार्ग तात्पुरताच ठरेल. अंडी गेली की दहा-पंधरा दिवसांत ते पुन्हा घालतील आणि पुन्हा निम्मी टाकी बळकावतील. त्यांच्यासाठी 24×18×18 ची, 127 लिटरची टाकी पुरे. खडी घालू नका. स्पंज फिल्टर, 27-28 अंश पाणी, आणि शहाबादी फरशीचा हातभर लांब, वीतभर रुंद तुकडा काचेला तिरका टेकवून ठेवा. अंडी बहुधा त्यावरच घालतील. 28 अंशांना अंडी दोन-अडीच दिवसांत फुटतात. पिल्लं आधी फरशीला चिकटूनच वळवळतात, आणखी चार-पाच दिवसांनी पोहायला लागतात. तेव्हा पहिला घास ताज्या उबवलेल्या ब्राइन श्रिम्पचा (खाऱ्या पाण्यातली इवलीशी कोळंबी), दिवसातून तीन-चार वेळा. पावडरवर ती फारशी तगत नाहीत.

दुसरी टाकी शक्यच नसेल तर मधोमध भोकांची प्लॅस्टिकची जाळी उभी करा, सक्शन कपनं घट्ट बसवा, आणि दोन्ही बाजूंना पाणी फिरतंय का पाहा. फिल्टर एकाच बाजूला राहिला तर दुसऱ्या बाजूला स्पंज फिल्टर लावावा लागेल.

कामठीचे एक वाचक: नर-मादी ओळखायची कशी?

लहानपणी कोणालाच ओळखता येत नाही, दुकानदारालाही नाही. ‘जोडी’ म्हणून जास्त पैसे देऊ नका. अंडी घालायच्या एक-दोन दिवस आधी पोटाखाली छोटी नळी बाहेर येते. नराची बारीक, टोकदार आणि पुढे झुकलेली. मादीची जाड, बोथट. वय झालेल्या काही नरांच्या कपाळाला उंचवटा येतो, पण तेवढ्यावर भरवसा ठेवू नये.

त्रिमूर्तीनगरच्या एक वाचक: एकच मासा सगळा खाऊ खातो, बाकीच्यांना मिळत नाही. जिवंत वर्म द्यावेत का?

खाऊ एकाच कोपऱ्यात पडत असेल, तर त्या कोपऱ्याचा एक मालक होणारच. दोन चिमटी करा, एक डाव्या टोकाला, लगेच दुसरी उजव्या टोकाला. मोठा एकीकडे धावला की दुबळे दुसरीकडे खाऊन घेतात. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. कोरीडोराससाठी बुडणारी वडी दिवे मालवल्यावर टाका, नाहीतर तीही एंजलच पळवतात.

दुकानात वाटीत गुंडाळी करून ठेवलेले लालसर ट्यूबिफेक्स वर्म घेऊ नका. ते घाण पाण्याच्या नाल्यांतून काढलेले असतात, आणि त्यांच्यासोबत पोटाचे आजार टाकीत येतात. बदल म्हणून आठवड्यातून एक-दोनदा गोठवलेला ब्राइन श्रिम्प द्या.

हिंगणा रोडचे एक वाचक: झाडं लावल्यानं भांडण कमी होतं का? की ती फक्त शोभेची?

कमी होतं. त्यात शोभेपेक्षा नजरेचा भाग मोठा आहे. समोरचा दिसेनासा झाला की एंजल पाठलाग सोडतो. त्याच्या अंगावरचे उभे पट्टे आणि कागदासारखं चपटं शरीर हे मुळात संथ पाण्यातल्या उभ्या देठांमधून, बुडालेल्या फांद्यांमधून वावरण्यासाठीच आहे. म्हणून आडोसाही उभाच हवा. फूटभर उंचीचा दगडी किल्ला ठेवून काही होत नाही, एंजल वरून पाहतो.

व्हॅलिस्नेरिया लावा. आपल्या जड पाण्यात ती जोमानं वाढते, पानं पार पाण्याच्या वर पोहोचतात, आणि दोन-तीन महिन्यांत पडदा तयार होतो. ती एका ओळीत मागे लावू नका. तीन फुटी टाकी असेल तर एक-एक फुटावर दोन दाट पुंजके करा, मागच्या काचेपासून मधल्या भागापर्यंत, म्हणजे टाकीच्या तीन खोल्या होतात आणि पुढून पोहायला वाट मोकळी राहते. मधे एक उभं लाकूड, त्यावर जावा फर्न किंवा अनुबियास दोऱ्यानं बांधलेलं. अनुबियासचं जाड मूळ वाळूत पुरू नका, कुजतं. अॅमेझॉन स्वॉर्डचं रुंद पान सुंदर दिसतं, पण अंडी घालायला एंजलची पहिली पसंती त्यालाच असते. मिश्र टाकीत जोडी जमू नये असं वाटत असेल तर ते झाड, उभा पाइप आणि उभी सपाट फरशी या तिन्ही गोष्टी टाकीबाहेर ठेवा. फिल्टरचा झोत काचेकडे वळवा, नाहीतर संथ पाण्याचा एकच कोपरा उरतो आणि सगळे एंजल त्यावरून भांडतात.